नातेवाईकांच्या खोलीतला मॉनिटर

"आता इकडे या. अगदी भिंतीला टेकून उभे राहा आणि सांगा काय दिसतंय," मी मगदूमांना म्हणाले.

मगदूम हे सांगलीतले कॉम्प्युटरचे व्यापारी. दुकान त्यांचं, माल त्यांचा, आणि मी त्यांनाच त्यांच्या दुकानात भिंतीला उभं करत होते. बिचारे गुमान उभे राहिले. समोरच्या टेबलावर तीन चपटे मॉनिटर चालू होते आणि तिन्हींवर मी सूर्यफुलांच्या शेताचं एकच चित्र लावलं होतं. समोर बसून बघितलं की तिन्ही भाऊ-भाऊ. बाजूला सरकलं की पहिल्यातली फुलं मातकट व्हायची, दुसऱ्यातली तर चक्क हिरवट. तिसऱ्यातली मात्र पिवळीधमक.

"कळला फरक," मगदूम म्हणाले. "पण मॅडम, मॉनिटर समोर बसूनच बघतात. भिंतीला टेकून कोण बघतंय?"

"आमच्याकडे बघतात," मी म्हणाले आणि तिसरा बांधायला सांगितला.

गोष्ट जुनी आहे. टेबल अडवून बसणारे ते टीव्हीसारखे जाडजूड मॉनिटर तेव्हा सगळीकडे होते, आणि चपटा मॉनिटर कुणाकडे आला तर लोक बघायला जायचे. मी आमच्या तालुक्याच्या गावी डॉक्टर सातपुत्यांच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये कॉम्प्युटरवर बसायचे. पेशंटचं नाव-गाव टाकायचं, मशीनमधून आलेलं चित्र रिपोर्टवर बसवायचं, छापायचं, पाकिटात घालून द्यायचं. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली आमच्या गल्लीतली मी पहिली मुलगी. त्याचा तोरा होता मला, नव्हता असं नाही.

एके दिवशी डॉक्टरांनी आत बोलावून घेतलं. सोनोग्राफीच्या खोलीला लागून एक लहान खोली होती, नातेवाईकांना बसायला. तिथल्या भिंतीवर चपटा मॉनिटर लावायचा म्हणाले, म्हणजे नातेवाईक दारात गर्दी करणार नाहीत, बाहेर बसूनच बाळ बघतील. "मला त्यातलं काही कळत नाही, उज्ज्वला. तुम्ही शोधा, तुम्ही ठरवा. माझ्या दोनच अटी. खोलीत कुणी कुठंही असो, बसलेला असो की उभा, चित्र स्वच्छ दिसलं पाहिजे. आणि रंग खरे दिसले पाहिजेत."

सोनोग्राफीच्या काळ्या-पांढऱ्या चित्राला रंग कशाला, असं मनात आलं होतं. पण डॉक्टर हौशी माणूस, पुढेमागे रंगीत मशीन घेणार असतील, असं मीच मला समजावलं.

पुढचा महिना मी त्या मॉनिटरच्या मागे हात धुऊन लागले. सुट्टीच्या दिवशी सायबर कॅफेत बसून इंग्रजी वाचायचं, अडलं की डिक्शनरी उघडायची. कुठल्या पडद्याचा रंग बाजूनं उडतो, कुठल्याचा उडत नाही. कुठल्यात हलणाऱ्या चित्राची शेपटी मागे राहते. भिंतीवर टांगायचा तर त्याच्या पाठीला स्क्रूसाठी चार भोकं लागतात, ती सगळ्यांना नसतात. पडद्यावर एखादा ठिपका मेलेला निघतो, म्हणून दुकानातच पडदा पांढरा करून डोळ्यात तेल घालून तपासायचा. पुण्याच्या दोन दुकानांना फोन करून त्यांनाही भंडावून सोडलं. आमच्या घरात साधी कढई घ्यायची तरी दादाला विचारावं लागायचं. इथे एक शिकलेला मोठा माणूस म्हणत होता, तुम्ही ठरवा. त्या दोन शब्दांवर मी महिनाभर तरंगत होते.

आणि माझं स्वतःचंही एक होतं त्यात. आमच्या वहिनीला तेव्हा दिवस गेले होते.

वहिनीचं नाव रत्नमाला. माझ्याहून थोडीशीच मोठी. आईला ती आत्या म्हणायची, मला उज्जू म्हणून अगंतुगं करायची, आणि आई आसपास नसली की माझ्या ताटात जास्तीचं तूप वाढायची. तिला दोन मुली होत्या. ही तिसरी खेप. घरात आई, दादा, वहिनी, पोरी आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि वडिलांची जागा आईनं घेतली होती. या खेपेला काय होणार याशिवाय घरात दुसरा विषय नव्हता. आई वहिनीला काही बोलायची नाही. ती पोरींना बोलायची. "बाजूला व्हा गं, तुमचीच गर्दी झालीया घरात." वहिनी ते ऐकत भाकरी थापायची.

दोन्ही वेळा वहिनीची सोनोग्राफी झाली होती, पण तिनं बाळ बघितलंच नव्हतं. मशीनचा पडदा डॉक्टरांकडे, बाई छताकडे बघत पडलेली. माझ्या डोक्यात होतं की मॉनिटर आला की डॉक्टरांना सांगायचं, थोडा असा लावू या की आत पडलेल्या बाईलाही दारातून दिसेल. पोरगी असो, पोरगा असो, एकदा त्याचे हातपाय हलताना तिनं बघितले की तिच्या जिवाला बरं वाटेल. मी काय काय ठरवून ठेवलं होतं.

मॉनिटर आला, भिंतीवर चढला. मी डॉक्टरांना माझी कल्पना सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई चित्र बघायला लागली की हलते, तपासणी बिघडते. मला ते पटलं. मोठ्या माणसाचं मला सगळंच पटायचं.

मग त्यांनी आणखी एक काम दिलं. तपासणी संपली की पडदा काळा होतो, ते बरं दिसत नाही, त्याऐवजी काहीतरी छान चित्र यावं, खाली 'धन्यवाद' लिहिलेलं. दोन चित्रं करा, म्हणाले, एक डोंगराचं, एक फुलांचं, म्हणजे लोकांना तेच तेच वाटायला नको. मशीनशेजारी त्यांना दोन बटणं जोडून दिली. एक दाबलं की डोंगर, दुसरं दाबलं की फुलं. डोंगर हिरवागार निवडला. फुलं तर दुकानात तपासायला नेलेलीच वापरली. नातेवाईकांच्या खोलीतला पडदा डॉक्टरांना त्यांच्या खुर्चीतून दिसत नव्हता. मला माझ्या टेबलावरून, मधल्या काचेतून दिसायचा.

दवाखान्याच्या दारावर पाटी होती, इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. तो गुन्हा आहे. ती पाटी मीच टाइप केली होती, ठळक अक्षरांत. आणि खरंच, डॉक्टर कुणाला चकार शब्द सांगत नसत. कुणी विचारलंच तर असे फटकारायचे की माणूस खाली मान घालून जायचा. मी घरी येऊन कौतुकानं सांगायचे, आमचे डॉक्टर म्हणजे एकदम सरळ माणूस. आई ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, "हो गं बाई, लई सरळ."

पुढे आई वहिनीला आमच्याच दवाखान्यात घेऊन आली. दादाही कामावर खाडा करून आला. दोघं नातेवाईकांच्या खोलीत बसली. वहिनी बाकावर, तिच्यापुढे अजून दोन बायकांचा नंबर होता. मी तिला पाणी दिलं. पाणी पिऊन झालं आणि तिनं उगाचच माझी ओढणी सारखी केली. तिचे हात गार होते.

मी टेबलाशी आले तर हौसाबाई उभी. हौसाबाई आमच्याकडची आया, दवाखाना सुरू झाल्यापासूनची. डॉक्टरांच्या डाव्या-उजव्या दोन्ही हातांची कामं तिच्याकडे. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "तुमच्या आईस्नी मी समदं सांगून ठेवलंय. तुमी आपल्या घरच्यास्नी सांगायला लाजला असाल, म्हणून म्हटलं."

"काय सांगितलंत?"

"नेहमीचंच. डोंगुर आला तर देवाला नारळ फोडायचा. फुलं आली तर काय बोलायचं न्हाई, गप माझ्या मागनं यायचं, पुढची सोय मी करती."

मला आधी काही कळलंच नाही. हौसाबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिच्याही लक्षात आलं की मला माहीत नव्हतं. "आगं बया," ती म्हणाली. "चित्रं तर तुमीच केलासा की."

गेल्या काही आठवड्यांत त्या काचेतून मी काय काय बघितलं होतं. डोंगर दिसला की म्हाताऱ्या हात जोडायच्या, पुरुषांच्या खांद्यावरचा बोजा उतरायचा. फुलं दिसली की खोलीत कुणी हलायचं नाही. मला वाटायचं, एवढं सुंदर चित्र आणि यांना बघायची दृष्टी नाही. फुलांनंतर हौसाबाईच्या मागे गेलेल्या बायका मागच्या दारानं जायच्या, हेही मी बघितलं होतं, आणि मागचं दार रिक्षा स्टँडला जवळ पडतं असं धरून चालले होते. कुठंही बसा, कुठंही उभे राहा, रंग खरा दिसला पाहिजे. कोपऱ्यातल्या सासूला हिरवं की पिवळं यात चूक व्हायला नको. मगदूमांना भिंतीला उभं करून मी जी खात्री करून घेतली होती ती याची होती.

संताप आला, पण तो कुणावर काढू? डॉक्टर आत, हौसाबाई पुढ्यात, आई आणि दादा काचेपलीकडे हात मांडीवर ठेवून, देवळात बसल्यासारखे. आईला सगळं माहीत होतं. मी घरी जाऊन डॉक्टरांचे गोडवे गायचे तेव्हा, आई ते ऐकून घ्यायची तेव्हाही माहीत होतं. पोलीस, कलेक्टर, तक्रार, हे सगळं माझ्याही डोक्यात येऊन गेलं. पण ज्यांच्याकडे तक्रार करायची त्यांच्यापैकी एकाची सून आधीच्याच आठवड्यात त्या बाकावर बसलेली होती. आणि वहिनीच्या पुढे आता एकच नंबर उरला होता.

हौसाबाई दुसऱ्या कामाला गेली. मी कॉम्प्युटर उघडला आणि फुलांच्या जागी डोंगर ठेवला. एवढंच केलं. आता कुठलंही बटण दाबलं तरी डोंगरच येणार होता. फाइल बदलायला जितका वेळ लागतो तितकाच लागला, पण माऊस घामानं ओला झाला होता.

वहिनी आत गेली. पडद्यावर करडी हालचाल सुरू झाली. आई पुढे सरकून बसली, दादा उठून भिंतीला टेकला. एक इवलासा पाय दिसला, हलला, परत दिसेनासा झाला. त्या पायाकडे त्या खोलीत कुणाचं लक्ष नव्हतं. ते दोघं चित्र संपायची वाट बघत होते.

चित्र संपलं. डोंगर आला.

डॉक्टरांनी कुठलं बटण दाबलं होतं ते मलाही कळलं नाही. आईनं माझ्या त्या मॉनिटरला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. दादानं तोंडावरून हात फिरवला आणि काचेतून माझ्याकडे बघून हसला. आमचा दादा मला बघून कधी हसलेला आठवत नाही. वहिनी पदर सारखा करत बाहेर आली तेव्हा आईनं पुढे होऊन तिचा हात धरला, पायरी सांभाळून उतर, म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून आईनं तिचा हात धरलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

घरी गेल्यावर वहिनीनं मला मोरीपाशी गाठलं. "उज्जू, तू तितं असतीस. खरं हाय न्हवं?"

"काय?"

"आत्या म्हणत्यात, पोरगा हाय."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? तिनं डोळे मिटले आणि तशीच भिंतीला टेकून थोडा वेळ उभी राहिली. मग माझ्या गालावरून हात फिरवून चुलीकडे गेली.

पुढचे महिने आमच्या घरात वहिनीचं राज्य होतं. आई तिला पाण्याचा हंडा उचलू देईना. दादा शहाळी आणायचा. तिसऱ्या खेपेला कुणी करत नाही, पण आईनं गल्ली बोलावून डोहाळजेवण केलं आणि वहिनीला हिरवं लुगडं नेसवलं. पोरींनाही कुणी बाजूला व्हा म्हणेना. त्याही बिचाऱ्या भाऊ येणार म्हणून उड्या मारायच्या. वहिनी अंगानं भरली, हसायला लागली, गाणी म्हणायला लागली. मी ते बघायचे आणि मनात म्हणायचे, पोरगा असू दे रे देवा. मीसुद्धा तेच म्हणायला लागले होते. मला स्वतःची चीड यायची, पण रोज दिवा लावताना तोंडातून तेच निघायचं.

दवाखान्यात मी तो डोंगर तसाच ठेवला होता. वहिनीपुरतं करून परत फुलं लावणं माझ्यानं झालं नाही. येईल तिला डोंगर. कितीतरी म्हाताऱ्या त्याला हात जोडून गेल्या. शेवटी हौसाबाईच्याच ध्यानात आलं की तिच्या मागून हल्ली कुणीच येत नाही. तिनं आत जाऊन सांगितलं. मग डॉक्टर सातपुते पहिल्यांदाच नातेवाईकांच्या खोलीत येऊन बसले, आणि आतून कंपाउंडरला बटणं दाबायला लावली. हे दाबलं, डोंगर. ते दाबलं, डोंगर. ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. माझ्यावर ओरडणार कसे? ओरडायचं तर काय म्हणून ओरडायचं? आणि नारळ फोडून बसलेल्यांना परत बोलावून सांगायचं तरी काय?

"उद्यापासून येऊ नका," एवढंच म्हणाले. मी पिशवी उचलली. मागे वळून बघितलं तर कंपाउंडर स्टुलावर चढून मॉनिटर उतरवत होता. हौसाबाईनं आमच्या घरी येऊन तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर गावातल्या निम्म्या घरांतून पहिला मार तिलाच बसला असता.

वहिनीला मुलगी झाली.

नर्सनं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आई बाकावरून उठली आणि नर्सशीच भांडायला लागली, दुसऱ्या कुणाचं मूल आमच्या गळ्यात घालता काय म्हणून. दादा चप्पल घालून निघून गेला. थोड्या वेळानं आईही गेली. पेढ्यांचा पुडा बाकावरच राहिला.

मी बाळाला घेऊन वहिनीजवळ बसले. पोरगी गोरीपान, मूठ आवळलेली, जावळ दाट. वहिनी छताकडे बघत पडली होती. तिला वाटत असेल, मशीन चुकलं, नशीब चुकलं. तिला असं वाटू देणं मला सहन होईना. शिवाय, आता लपवायचं कशाला, मला सांगायचंही होतं. मी तिच्या कानाशी वाकले आणि सगळं सांगितलं. डोंगर, फुलं, हौसाबाई, मी काय बदललं. म्हटलं, वहिनी, नाहीतर ही आज नसती.

मला वाटलं, आता रडेल, मला जवळ घेईल.

"म्हंजे तुमाला ठाव होतं," ती म्हणाली.

"पोरगी आहे हे नव्हतं ठाऊक. पण काहीही असलं तरी..."

"मी मोरीपाशी इचारलं, तवा तुमी हो म्हणालासा."

मी बाळाचं दुपटं सारखं करत राहिले.

"पाच महिने मी नाचली त्या घरात," वहिनी म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "आत्यांनी मला इचारलं न्हाई. तुमच्या दादानं इचारलं न्हाई. तुमीबी न्हाई इचारलं. चित्र तुमी बदललासा, प्वाट माझं हुतं."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"ते आता कशाला?" तिनं मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आता चौथ्यांदा मला तितं झोपवत्याल, वन्सं. तुमी झोपणार हाय काय माझ्या जागी?"

वन्सं. नणंदेला म्हणतात तसं. मग तिनं दोन्ही हात पुढे केले. "आणा हिकडं तिला. भुकेली आसंल."

तिला खरंच नेलं. दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरकडे. तिथे काय दाखवत होते मला माहीत नाही. दोनदा ती तिथून रिकामी होऊन आली आणि दोन्ही वेळा महिना-महिना अंथरुणावर होती. मग एकदाचा मुलगा झाला. आईनं पेढे वाटले.

ती तिसरी पोरगी आता कॉलेजात आहे. आत्या, आत्या करत माझ्याकडे राहायला येते, माझ्याच कॉम्प्युटरवर रात्रंदिवस काहीबाही करत बसते. तिला यातलं काही माहीत नाही. तिला न्यायला कधी वहिनी येते. दारातच उभी राहते, चहा घेत नाही, आणि मला अजून वन्संच म्हणते.